विश्लेषण : अमेरिकेचे प्रांतिक खाद्य आणि बंगळुरूचा उन्हाळा

बंगळुरू, २५ सप्टेंबर २०२५ : तीस वर्षांपूर्वी याच महिन्यात बंगळुरू महानगरपालिकेने ब्रिगेड रोडवरील एका नव्या उपाहारगृहाचा परवाना रद्द केला होता. मसाल्यात मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे बाजारात अजिनोमोटो या नावाने ओळखला जाणारा क्षार, मर्यादेबाहेर आढळला असे कारण देण्यात आले. कायद्याने एक टक्का मान्य होता. तपासणीत प्रमाण २.८ टक्के निघाले. हे उपाहारगृह केंटकी फ्राइड चिकनचे होते आणि जून १९९५ मध्ये उघडलेले ते या कंपनीचे भारतातील पहिलेच दुकान होते. उच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिल्याने ते सुरू राहिले. पुढे ३० जानेवारी १९९६ रोजी, महात्मा गांधींच्या पुण्यतिथीस, कर्नाटक राज्य रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी तेथे मोडतोड केली. तळलेल्या कोंबडीच्या दुकानापुढे पोलिसांची गाडी वर्षभर उभी असल्याचे दृश्य या शहराने त्या काळात पाहिले.

तो वाद आज आठवण्याचे निमित्त केवळ तीस वर्षांचे नाही. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लादल्यानंतर गेल्या महिन्यात अमेरिकी पेये, बर्गर आणि पिझ्झा यांच्यावर बहिष्काराची हाक पुन्हा ऐकू आली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १० ऑगस्ट रोजी बंगळुरूतच बोलताना देशाच्या गरजांना प्राधान्य देण्याचे व आत्मनिर्भरतेचे आवाहन केले. त्यापाठोपाठ २२ सप्टेंबरपासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि आइस्क्रीमपासून पनीरपर्यंत अनेक पदार्थांचे करदर खाली आले. स्वदेशी की विदेशी हा प्रश्न अशा रीतीने पुन्हा ताटात आला आहे. मात्र १९९५ मध्ये या प्रश्नाच्या गदारोळात जे विचारायचे राहून गेले, ते यंदाही राहून जाण्याची चिन्हे आहेत. एखादा पदार्थ कोणत्या देशाचा आहे एवढे कळून भागत नाही. तो कोणत्या हवेत, कोणत्या ऋतूसाठी जन्मला आणि तो ऋतू काढून टाकल्यावर त्याचा भार कोणावर पडतो, हे पाहणे शहरासाठी अधिक निकडीचे आहे.

अमेरिकी फास्ट फूडच्या भारतप्रवेशात बंगळुरूचे स्थान विलक्षण आहे. केंटकी फ्राइड चिकननंतर वर्षभराने, १९९६ मध्ये, पिझ्झा हटने आपले पहिले भारतीय दुकान येथेच उघडले. टॅको बेल २०१० मध्ये येथूनच सुरू झाली. जानेवारी २०२२ मध्ये पोपाइजने कोरमंगला भागात पहिले पाऊल टाकले. मॅकडोनाल्ड्सने दिल्ली व मुंबई आणि डॉमिनोजने दिल्ली निवडली, हे खरे; तरीही चार मोठ्या साखळ्यांना आधी याच शहरात नशीब अजमावून पाहावेसे वाटले, याला अर्थ आहे. पगारदार तरुणांची वस्ती, अनेक भाषांची माणसे, मांसाहाराविषयी तुलनेने सैल वातावरण आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरची सौम्य हवा, असे हे शहर होते. भर दुपारी तळलेले, चीज घातलेले खाणे अंगावर येणार नाही अशी मोठी शहरे देशात फार नव्हती.

या चारही साखळ्या मुळात प्रांतिक आहेत, ही गोष्ट आपल्याकडे सहसा लक्षात येत नाही. ‘अमेरिकी खाणे’ या एका शब्दात आपण जे कोंबतो, त्यात दक्षिणेतील केंटकी आहे, मध्यभागातील कॅन्ससचे विचिटा शहर आहे (पिझ्झा हट, १९५८), मेक्सिकोच्या चवी घेतलेले कॅलिफोर्निया आहे (टॅको बेल, १९६२) आणि न्यू ऑर्लिन्सजवळचे लुइझियानातील अराबी हे गाव आहे (पोपाइज, १९७२). सोलापूरची शेंगाचटणी, कोल्हापूरचा रस्सा, मालवणची सोलकढी आणि नागपूरचा सावजी मसाला एकाच ‘भारतीय’ पाटीखाली विकावा, तसाच हा प्रकार झाला.

तळलेल्या कोंबडीची कथा यात सर्वांत बोलकी आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत हा पदार्थ मुळात उष्ण हवेचा आणि ठराविक ऋतूचा होता. वसंतात अंड्यांतून निघालेली पिले उन्हाळ्याच्या तोंडाशी तळण्याजोगी होत. म्हणून कोवळी कोंबडी तळणे हा त्या दिवसांचा सोहळा असे. शीतपेट्या नव्हत्या त्या काळात मसालेदार आवरणात तळलेले मांस उन्हातही बराच वेळ टिके, त्यामुळे ते सकाळी तळून दुपारी गार खाता येई आणि प्रवासात नेता येई. हे कौशल्य मोठ्या प्रमाणात गुलामगिरीत राबलेल्या आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या हातचे. गुलामगिरी संपल्यावर व्हर्जिनियातील गॉर्डन्सव्हिल स्थानकावर अशाच स्त्रिया डोक्यावर परात घेऊन रेल्वेच्या खिडकीशी कोंबडी विकत असत. कर्जतचा वडा ज्यांनी गाडीतून हात बाहेर काढून घेतला आहे, त्यांना हे चित्र परके वाटू नये.

हार्लंड सँडर्स यांनी १९३० च्या दशकात केंटकीतील कॉर्बिन या गावी पेट्रोलपंपावर हेच जेवण वाढायला सुरुवात केली. पहिले परवानाधारक दुकान मात्र १९५२ मध्ये दूरच्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीत निघाले आणि ‘केंटकी’ हा शब्द पाटीवर चढला तो तेथे. पदार्थाने गाव सोडल्यावर गावाचे नाव कामाला आले. पाटीवर प्रांत शिल्लक राहिला, ऋतू गळून गेला. प्रेशर कुकरमध्ये तळण्याची युक्ती, बारमाही कोंबडीपालन आणि शीतगृहांची साखळी यांनी उन्हाळ्याच्या तोंडचा पदार्थ वर्षाच्या ३६५ दिवसांचा केला.

ज्या साखळ्यांनी ऋतू आणि अंतर यांची मर्यादा पाळली, त्या अमेरिकेतही फार पसरल्या नाहीत. कॅलिफोर्नियातील इन-एन-आउट १९४८ पासून चालू आहे. ती मांस गोठवत नाही, त्यामुळे तिची दुकाने तिच्या पुरवठा केंद्रांच्या आवाक्यातच राहतात. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर शिंपले तळून विकणाऱ्या टपऱ्या साधारण मेअखेर उघडतात आणि हवा थंडावली की बंद होतात. न्यू ऑर्लिन्समध्ये किसलेल्या बर्फावर सरबत घालून देणाऱ्या गाड्या उन्हाळ्याच्या. आपल्याकडचा गोळेवालाच तो. अमेरिकेचे हे उष्ण दिवसांचे खरे खाणे भारतात आलेच नाही. आले ते ऋतू वजा केलेले.

एक अपवाद मात्र फार जुना आहे. अमेरिकेने भारताच्या उन्हाळ्याला पहिल्यांदा जे विकले, तो होता बर्फ. बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी न्यू इंग्लंडमधील तळ्यांवरचा बर्फ कापून १८३३ मध्ये जहाजाने कोलकात्यास पाठवला आणि थोड्याच अवधीत तो मुंबईतही येऊ लागला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमानांसह पाहुण्यांना पडसे झाले, अशी त्या काळच्या मुंबईतील आठवण सांगितली जाते. तो बर्फही उष्ण देशाला थंडी विकण्याचाच व्यवहार होता. फरक इतकाच की वितळलेल्या बर्फाचा तोटा ट्यूडर यांच्या खिशातून जात असे. आजच्या थंडीचे बिल वाटून दिले जाते.

बंगळुरूची स्वतःची उन्हाळी पंगत साधी आहे. रामनवमीला चामराजपेठेत संगीताच्या बैठका सुरू असतात, तेव्हा रस्तोरस्ती मांडवांतून गूळ-मिरीचे पानक, नीर मज्जिगे म्हणजे पातळ ताक आणि भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी वाटली जाते. मराठी वाचकाला यात अनोळखी असे काही नाही. कोसंबरी ही आपल्या कोशिंबिरीची सख्खी बहीण. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवातील आंब्याची डाळ आणि पन्हे हे त्याच कुळातले. अंबली आणि आंबील, मोसरन्ना आणि दहीभात अशी ही यादी बरीच लांबवता येईल. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या शहरात मराठी बोलणारी घरे आहेत. भाषेपेक्षा ताटातली सीमा येथे नेहमीच पुसट राहिली आहे. या पदार्थांना चूल थोडी लागते, तेल जवळजवळ लागत नाही, आंबवण्याचे काम हवेची उष्णताच करते आणि शरीराला मीठ-पाणी मिळते. उन्हाळ्याशी भांडण न करता त्याच्याकडून काम करून घेणारे हे स्वयंपाकघर आहे.

फास्ट फूड ही बंगळुरूला परकी कल्पना नव्हती, हेही येथे नोंदवले पाहिजे. अमेरिकी कोंबडी येण्याच्या बारा वर्षे आधी, १९८३ मध्ये, आर. प्रभाकर यांनी जयनगरमध्ये ‘कॅफे दर्शिनी’ सुरू केले आणि त्या नावाचे सामान्यनाम झाले. आधी पैसे भरून चिठ्ठी घ्यायची, खिडकीवर बशी उचलायची, उभ्यानेच खायचे. समोर स्वयंपाक दिसतो, खुर्च्या नाहीत, वातानुकूलन नाही. झटपट विक्रीचे तंत्र परदेशी साखळ्यांशी मिळतेजुळते होते, पण बशीत इडली, खारा भात, दहीभात आणि ताकच राहिले. त्याहीआधी, दुसऱ्या महायुद्धात तांदूळ दुर्मीळ झाला तेव्हा मावळ्ळी टिफिन रूम अर्थात एमटीआरने रव्याची इडली काढली, ती आज देशभर खाल्ली जाते. टंचाईतून पदार्थ घडवण्याचा हा शहराचा स्वभाव आहे.

असे असताना १९९५ मध्ये एवढा भडका का उडाला? रयत संघाचे नेते प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांचा मुख्य आक्षेप चवीवर नव्हता. कोंबड्यांना मका चारला की तो गरिबाच्या ताटातून जातो, कारखानी कुक्कुटपालनाने छोटा शेतकरी नामशेष होतो आणि बियाण्यापासून ताटापर्यंतची साखळी परक्या हातांत जाते, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर १९९२ मध्ये त्यांच्या संघटनेने बंगळुरूतीलच कारगिल सीड्सच्या कार्यालयावर हल्ला केला होता. महाराष्ट्रात त्याच वेळी शेतकरी संघटनेचे शरद जोशी नेमकी उलट भूमिका मांडत होते. डंकेल प्रस्तावाचे स्वागत करून शेतकऱ्याला बाजाराचे व तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य द्या, असे ते सांगत. शेजारच्या दोन राज्यांतील दोन विद्वान शेतकरी नेत्यांमधील तो मतभेद आजही निकाली निघालेला नाही. मोडतोडीचे समर्थन करता येणार नाही. पण नंजुंडस्वामी यांनी मक्यावर ठेवलेले बोट चुकीच्या जागी नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लुटनिक यांनी, १४० कोटी लोकसंख्येचा देश आमचा एक बुशेल मकाही का घेत नाही, असा जाहीर सवाल केला होता. भारतात जनुकीय बदल केलेल्या मक्याला परवानगी नाही आणि अमेरिकी मका मुख्यतः तोच असतो. इकडे इथेनॉल कारखाने आणि कुक्कुटपालक एकाच मक्यासाठी स्पर्धा करत आहेत. दावणगेरे-हावेरीच्या शेतकऱ्यालाही आणि जळगाव-जालन्याच्या शेतकऱ्यालाही या वाटाघाटींचा धागा थेट लागतो. तळलेल्या कोंबडीवरचे भांडण तीस वर्षांनी व्यापार कराराच्या मेजावर पोहोचले आहे.

बहिष्काराच्या हाकेचे काय, हा पुढचा प्रश्न. मॅकडोनाल्ड्सची पश्चिम व दक्षिण भारतातील दुकाने मुंबईची वेस्टलाइफ फूडवर्ल्ड चालवते. डॉमिनोज आणि पोपाइज ज्युबिलंट फूडवर्क्सकडे आहेत. केंटकी फ्राइड चिकन व पिझ्झा हटची दुकाने देवयानी इंटरनॅशनल आणि सफायर फूड्स चालवतात. भांडवल बहुतांशी येथले, कोंबडी येथली, काम करणारी मुले येथली. परदेशात जाते ते नावाचे शुल्क. दुकानावर बहिष्कार टाकल्याने वॉशिंग्टनपर्यंत झळ किती पोहोचेल, हे यावरून समजावे. शिवाय येथील मातीत वाढलेल्या साखळ्याही त्याच तेलात, त्याच गोठवलेल्या बटाट्यावर चालू लागल्या आहेत. नाव स्वदेशी झाले म्हणून कढई थंड होत नाही.

बदलली आहे ती हवा. बंगळुरूत एप्रिल २०१६ मध्ये ३९.२ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली; २८ एप्रिल २०२४ रोजी पारा ३८.५ अंशांवर गेला. त्याच उन्हाळ्यात शहराचे पाणी आटले. सुमारे १४ हजार सरकारी कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे आणि दररोज सुमारे ५० कोटी लिटरची तूट असल्याचे राज्य सरकारनेच सांगितले. गाड्या धुणे, बागेला पिण्याचे पाणी घालणे यावर पाच हजार रुपये दंड लागला. उपाहारगृहांना नळाच्या तोट्यांवर पाणी कमी सोडणारी जाळी बसवणे बंधनकारक झाले. हे शहर जवळजवळ शंभर किलोमीटरवरून कावेरीचे पाणी उपसून चढवते. सौम्य हवेवर विसंबून जी खाद्यसंस्कृती येथे प्रथम रुजली, तिच्या पायाखालची हवाच सरकते आहे.

अशा दिवसांत ऋतू वजा केलेले खाणे महाग पडते, मात्र दरपत्रकात ती किंमत दिसत नाही. बंद काचेचे दालन थंड ठेवायला वीज लागते आणि त्या यंत्राची गरम हवा रस्त्यावर फेकली जाते. उणे तापमानातील मांस व बटाटे दारापर्यंत आणायला शीतवाहन लागते. उन्हामुळे ग्राहक घराबाहेर पडत नाही, तेव्हा ऊन दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जाते. हा दुसरा म्हणजे दुचाकीवरून पाकीट पोहोचवणारा मुलगा. स्विगी ही कंपनी याच शहरात २०१४ मध्ये जन्मली. दुपारी एक ते तीन ही जेवणाची वेळ आणि एप्रिलमधील कडक उन्हाची वेळ एकच असते. गार दालनात तळलेले खाणे आणि घरपोच मागवलेले गार पेय, या दोन्हींचा उन्हाळा हा मुलगा सोसतो. अमेरिकेतील गॉर्डन्सव्हिलच्या विक्रेत्या स्त्रियांप्रमाणेच तोही या व्यवसायाच्या जाहिरातीत सहसा नसतो.

कर्नाटक सरकारने या कामगारांसाठी केलेला सामाजिक सुरक्षा व कल्याण कायदा सप्टेंबर २०२५ मध्ये राज्यपालांच्या संमतीने अमलात येण्याच्या टप्प्यावर आला होता. प्रत्येक फेरीच्या मोबदल्यावर कंपनीकडून एक ते पाच टक्के कल्याण शुल्क घेण्याची तरतूद त्यात आहे. अपघात व आजारपण यांबरोबर उष्म्याचा विचार नियमांत येतो की नाही, यावर या कायद्याचा उन्हाळ्यातला उपयोग ठरेल. राजस्थानने २०२३ मध्ये असा कायदा सर्वप्रथम केला होता. मुंबई-पुण्यासारखी बाजारपेठ असलेल्या महाराष्ट्राने सप्टेंबर २०२५ पर्यंत याबाबत ठोस पाऊल उचललेले नव्हते, ही गोष्ट डोळ्यांत भरते.

करव्यवस्थेने दिलेले संकेत मिश्र आहेत. आइस्क्रीमवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, चीज व लोणी १२ वरून ५ टक्क्यांवर आले, पाकीटबंद पनीर आणि पिझ्झा ब्रेड करमुक्त झाले. वायुयुक्त शीतपेयांवर ४० टक्के कर जाहीर झाल्याने मथळे सजले. परंतु आधीचा २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर मिळून बेरीज तेवढीच होती. सुट्या ताकावर पूर्वीही कर नव्हता, आताही नाही. म्हणजे पिझ्झ्याचा कच्चा माल स्वस्त झाला आणि ताक जिथे होते तिथेच राहिले. दर्शिनीवाल्यांचे दुखणे वेगळेच आहे. एप्रिलपासून नंदिनी दुधाचा दर लिटरमागे चार रुपयांनी वाढला, त्याआधीपासून कॉफीच्या बिया महागल्या होत्या. जुलैमध्ये यूपीआय व्यवहारांच्या नोंदींवरून चहाच्या टपऱ्या, बेकऱ्या आणि छोट्या उपाहारगृहांना विक्रीकर खात्याच्या नोटिसा गेल्या. अनेकांनी काउंटरवरचे क्यूआर कोड काढून टाकले. अखेर मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, असे आश्वासन द्यावे लागले. मोठ्या साखळीकडे हिशेबनीस असतो, टपरीकडे वही असते; हा फरक धोरण आखणाऱ्यांना नोटिसा गेल्यानंतर कळला.

आरोग्याच्या आघाडीवरही तोच स्वदेशी-विदेशी गुंता दिसतो. जून २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांत तेल व साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्याची सूचना केली. नागपूरच्या एम्समधील फलकांच्या बातमीनंतर समोसा-जिलेबीवर सरकारची वक्रदृष्टी, असा गहजब झाला. त्या फलकांवर पिझ्झा आणि बर्गरही होते. विक्रेत्यांच्या मालावर इशारा छापण्याची कोणतीही सक्ती नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. वास्तविक चरबी, साखर आणि मीठ मोजताना पदार्थाचा पासपोर्ट पाहण्याचे कारण नाही. बंगळुरूने १९९५ मध्ये हीच चूक केली होती. त्या वेळी क्षाराचे प्रमाण मोजले गेले ते एका दुकानात. शहरातील इतर चायनीज गाड्यांवर तोच क्षार किती पडत होता, याची चौकशी कोणी केल्याचे ऐकिवात नाही. आज पोपाइज येथे प्रतिजैविकमुक्त कोंबडीचा दावा करून ग्राहक मिळवते. परवान्याच्या लढाईतून जे साधले नाही, ते ग्राहकांच्या प्रश्नांनी थोडेफार साधलेले दिसते.

पाकिटाच्या दर्शनी भागावर इशारा छापण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांची मुदत दिली होती. जुलैमध्ये ती आणखी तीन महिन्यांनी वाढवण्यात आली. सप्टेंबर २०२५ अखेर ही वाढीव मुदत संपत आली होती. कर्नाटकातील वितरण कामगारांच्या कायद्याचे नियम तेव्हा अद्याप यायचे होते. बंगळुरूत त्या वेळी पावसाचे दिवस सुरू होते, हवा पुन्हा सौम्य झाली होती आणि पाण्याच्या टँकरची रांग तूर्त दिसत नव्हती. शहराचा उन्हाळा मार्चमध्ये सुरू होतो.